"वचनाप्रमाणे ठरले" म्हणजे नेमके कसे ठरले? खानदेशातील मंडळ्यांना खुले पत्र

प्रति,
पाळकसाहेब, पंचमंडळी, डीकन आणि महिला मंडळांच्या प्रमुख भगिनी,
धुळे, नंदुरबार व जळगाव जिल्ह्यांतील सर्व मंडळ्या

विषय: नैतिक प्रश्नांवर निर्णय देताना वचन कोणते आणि आपला विचार कोणता, हे वेगवेगळे लिहून ठेवण्याबाबत

सप्रेम जय ख्रिस्त.

पंचांच्या सभेच्या वहीत वर्गणीचा हिशेब रुपया-आण्यापर्यंत लिहिलेला असतो. पण एखाद्याला प्रभुभोजनापासून दूर ठेवले, कुणाचे लग्न लावायला नकार दिला, नवऱ्याच्या घरून निघून आलेल्या बहिणीला परत पाठवले, की तिथे एकच ओळ येते: "वचनाप्रमाणे ठरले." कोणते वचन, ते याच प्रसंगाला का लागू पडते, त्याच विषयावरची दुसरी वचने पाहिली का, डॉक्टरला किंवा वकिलाला विचारले का, यातले काहीच लिहिलेले नसते. वचन आणि निर्णय यांच्यामध्ये दोन-तीन पायऱ्या असतात आणि त्या आपण बांधलेल्या असतात. त्यांवरही वचनाचाच शिक्का बसला, की त्या चुकल्या तरी बोलायची कुणाची छाती होत नाही. आमची मागणी छोटी आहे. वहीत दोन रकाने पाडा. एकात वचन, अध्याय-ओवीसह. दुसऱ्यात त्या वचनावरून तुम्ही या निर्णयाला कसे पोचलात ते.

बुद्धी मध्ये आणली की विश्वास पातळ होतो, असे म्हणणारे बंधू लगेच नीतिसूत्रे ३:५ उघडतात. आपल्या बुद्धीवर अवलंबून राहू नये, हे खरेच आहे. पण त्याच पुस्तकाचा अठरावा अध्याय ऐकून घेण्याआधी उत्तर देणाऱ्याला मूर्ख ठरवतो (१८:१३) आणि बजावतो, की आधी बाजू मांडणारा खरा वाटतो, दुसरा येऊन त्याची तपासणी करेपर्यंत (१८:१७). तिसऱ्या अध्यायातली ओवी एकट्याच्या शहाणपणाची घमेंड मोडते. ती चौकशीला सुट्टी देत नाही.

आणि दोन रकान्यांची ही पद्धत आमची नव्हे. करिंथकरांस पहिल्या पत्राचा सातवा अध्याय काढा. नवरा-बायकोने वेगळे होऊ नये, हे सांगताना पौल स्पष्ट करतो की हे मी नव्हे, प्रभू सांगतो (७:१०). दोनच ओव्या पुढे, एक विश्वासी आणि एक अविश्वासी अशा जोडप्याचा प्रश्न येतो. त्यावर येशूचे शब्द हाताशी नव्हते. तिथे तो म्हणतो, हे प्रभू नव्हे, मी सांगतो (७:१२). अविवाहितांबद्दल तर सरळ लिहितो की प्रभूची आज्ञा मला मिळालेली नाही, मी माझे मत देतो (७:२५). प्रेषिताला ही सीमा दाखवताना कमीपणा वाटला नाही. आपल्या पंचांना का वाटावा?

इंग्लंडमध्ये सोळाव्या शतकाच्या अखेरीस याच मुद्द्यावर मोठा वाद झाला. माणसाने करायच्या प्रत्येक कृतीला, अगदी काडी उचलण्यालासुद्धा, शास्त्रवचनाचा आधार हवा, असे एका पक्षाचे म्हणणे होते. रिचर्ड हूकर या इंग्रज धर्मशास्त्र्याने त्याला उत्तर देताना क्रम लावून दिला: शास्त्र जे स्पष्ट सांगते त्याला पहिला मान, त्यानंतर विचाराने अपरिहार्यपणे जे निघते त्याला, आणि त्यानंतर मंडळीच्या आवाजाला. त्याचा एक इशारा मात्र या क्रमापेक्षाही मोलाचा आहे. शास्त्रात नाही ते शास्त्राच्या नावावर खपवले, तर लोकांचा त्यावर विश्वास बसत नाही, आणि मग जे शास्त्रात खरोखर आहे त्याचाही मान उतरतो. आपल्या तरुण संघांतली पोरे बाहेर का पडतात, याचे निम्मे उत्तर इथे आहे, असे आम्हाला वाटते. हूकर अँग्लिकन, म्हणून आपला नाही, असे कुणाला वाटले तर प्रोटेस्टंट सुधारणेचा प्रणेता मार्टिन ल्यूथर घ्या. १५२१ साली वर्म्सच्या सभेत त्याने सांगितले होते, की शास्त्राच्या साक्षीने किंवा स्पष्ट युक्तिवादाने मला पटवून द्या, नाहीतर मी माघार घेणार नाही. हाच ल्यूथर एरवी बुद्धीला शिव्याही देत असे, ती गोष्ट वेगळी.

आता प्रत्यक्ष प्रश्न. पहिला उपासाचा, कारण यात जिवावर बेतते.

"एस्तेरचा उपास" म्हणून तीन दिवस अन्नपाणी वर्ज्य करण्याची प्रथा काही ठिकाणी आहे, आणि तो बरेचदा उन्हाळ्यात ठेवला जातो, कारण शाळांना सुट्ट्या असतात आणि शेतात काम कमी असते. वचनाच्या रकान्यात काय येईल ते पाहू. एस्तेर ४:१६ मध्ये शूशनातल्या यहूद्यांना तीन दिवस, रात्र आणि दिवस, न खाता-पिता राहायला सांगितले आहे. सबंध वंशाच्या कत्तलीचा हुकूम निघालेला होता, त्या एका प्रसंगापुरते ते होते. पुढच्या मंडळ्यांनी ते दरवर्षी करावे, अशी आज्ञा त्या पुस्तकात कुठेही नाही. शिवाय ५:१ वाचा. तिसऱ्या दिवशी एस्तेर राजवस्त्रे लेवून राजापुढे उभी राहते आणि त्याच दिवशी तिच्याकडे मेजवानी होते. म्हणजे जिच्या नावाने आपण पूर्ण बहात्तर तास मोजतो, तिनेही तेवढे मोजलेले दिसत नाहीत. घडलेल्या गोष्टीची नोंद एक आणि आज्ञा दुसरी. ही गल्लत आपल्याकडे सर्वांत जास्त होते.

आता विचाराचा रकाना. नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या पाड्यांवर सिकलसेल हा आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार नवा नाही. शरीरातले पाणी किंवा प्राणवायू कमी झाला, की या रुग्णांच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, एकमेकींना चिकटतात आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात. मग हाडांत, छातीत, पोटात असह्य कळा सुरू होतात. त्यात या रुग्णांच्या मूत्रपिंडांना लघवी घट्ट करून पाणी वाचवता येत नाही. निरोगी माणूस पाणी प्यायला नाही तर त्याची लघवी कमी होते. यांच्या शरीरातून मात्र पाणी जातच राहते. वैशाखात पारा ४२-४३ वर असताना पत्र्याच्या मांडवात असा माणूस तीन दिवस कोरडा बसला, तर दुसऱ्या दिवशी तो "आत्म्याने भारावून" नव्हे, वेदनेने तळमळत असतो. कळा, ताप किंवा धाप दिसली की दवाखान्यात न्यायचे. प्रार्थना गाडीत बसूनही करता येते. इन्शुलिन घेणारे मधुमेही, फिटच्या गोळ्या चालू असलेले, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया यांनाही कोरडा उपास धोक्याचाच.

हे बुद्धीचे बोलणे शास्त्राबाहेरचे आहे का? हिज्कीया राजा मरणाला टेकला होता. त्याने रडून प्रार्थना केली, देवाने ती ऐकली, आणि तरीही यशयाने गळवावर अंजिरांची चकती बांधायला सांगितली (यशया ३८:२१). पौल तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला लिहितो (१ तीमथ्य ५:२३). प्रायश्चित्ताचा दिवस हा नियमशास्त्रातला सर्वांत कडक उपास. त्या दिवशीसुद्धा आजाऱ्याला जाणकारांच्या सांगण्यावरून खाऊ घालावे, आणि जाणकार नसतील तर त्याच्या स्वतःच्या सांगण्यावरून, असे यहुदी शास्त्र्यांच्या मिश्नात नमूद आहे. आजारी माणसाचा शब्द हाही पुरावा, हे त्यांना कळत होते. येशू शब्बाथाबद्दल बोलताना खड्ड्यात पडलेल्या मेंढराचा दाखला देतो आणि विचारतो, माणूस मेंढरापेक्षा किती मोलाचा आहे (मत्तय १२:११-१२). नियम कशासाठी आहे ते आधी पाहायचे आणि मग तो लावायचा, अशी ही पद्धत आहे. आणि ती त्याने परूश्यांपुढे उघड वापरली.

म्हणून पाणी कुणालाही बंद करू नका, हा पहिला नियम. उपासाची घोषणा करताना कुणी ठेवू नये ते त्याच वेळी सांगा. आजाऱ्यांना पुढे उभे करून सूट देऊ नका. मत्तय ६:१६-१८ प्रमाणे उपास गुप्त असेल, तर न ठेवणेही गुप्तच असायला हवे. बायकांची विचारपूस महिला मंडळाच्या बहिणींनी करावी, पाळकांनी नव्हे.

याच आजारातून लग्नाचा प्रश्न निघतो. मुलगा आणि मुलगी दोघेही सिकलसेलचे वाहक असतील, म्हणजे स्वतः रुग्ण नसूनही तो दोष मुलांना देऊ शकणारे असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन आणि दोन्हींतून सुटण्याची चारात एक. "चार मुलांतले एकच आजारी होईल, ते झालेच आहे, आता काळजी नाही" हा हिशेब चुकीचा आहे. दर खेपेला फासे नव्याने पडतात. एक वाहक आणि एक निरोगी असेल तर रुग्ण मूल होत नाही. तपासणीतही घोळ होतात. पहिली झटपट चाचणी फक्त सिकलसेल आहे की नाही एवढे सांगते. वाहक की रुग्ण हे कळायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही रक्ताची सविस्तर तपासणी करावी लागते. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवले असेल तर निकाल फसवा येऊ शकतो. केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली. तिच्यात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायचे ठरले आहे, तेव्हा सरकारी दवाखान्यात विचारले तर खिशाला चाट बसायचे कारण नाही.

यावर आपल्याकडे दोन उत्तरे ऐकू येतात आणि दोन्ही चुकीची आहेत. एक: "तपासणी म्हणजे अविश्वास." त्यांच्यासाठी लूक १४:२८ पुरे, बुरूज बांधण्याआधी खर्चाचा अंदाज घ्यायला येशूच सांगतो. दुसरे उत्तर सुशिक्षित पंचांचे: "दोघे वाहक निघाले तर मंडळीने लग्नच लावू नये." हे ऐकायला शास्त्रशुद्ध वाटते. पण वचनाच्या रकान्यात याला आधार काय? लेवीय १८ मध्ये कोणत्या नात्यांत लग्न चालत नाही त्याची यादी आहे. तीत आजाराचे नाव नाही. आणि विचारही भरकटतो, हे विसरू नये. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला "चांगली पैदास" या नावाखाली अमेरिकेत दुबळ्या माणसांची सक्तीने नसबंदी झाली, १९२७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली, आणि कित्येक पाळकांनी या विचाराच्या बाजूने प्रवचने दिली. त्या काळी ते आधुनिक आणि समंजस वाटत होते. १९३० साली पोप अकरावे पायस यांनी त्याला जाहीर विरोध केला. बुद्धीला तिथे लगाम हवा होता आणि तो उत्पत्ती १:२७ मध्ये होता: माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे, त्याच्या रक्ताचा अहवाल काहीही असो. आजारी पोराच्या आईला "कुणाचे पाप भोवले" असे विचारणाऱ्यांनी योहान ९:३ वाचावे.

तर मंडळीने करायचे ते असे. तपासणीचा सल्ला साखरपुड्याआधी द्या. पत्रिका छापून झाल्यावर दिला तर त्याचा उपयोग फक्त रडारडीला. निकाल दोघांना आणि त्यांनी सांगितले तरच घरच्यांना कळावा. पंचांच्या वहीत तो लिहू नका, फक्त "सल्ला दिला" एवढी नोंद ठेवा. निर्णय त्या दोघांचा. त्यांनी लग्न करायचे ठरवले तर ते लावा, आणि पोर आजारी निघाले तर मंडळी पाठीशी उभी राहील, हेही आधीच सांगा.

व्याजाचा प्रश्न जुना आहे आणि विचार कसा करावा याचा उत्तम धडा त्यात आहे. निर्गम २२:२५ गरिबाला दिलेल्या पैशावर व्याज घेऊ नको म्हणते, लेवीय २५:३५-३७ हात टेकलेल्या भावाबद्दल तेच सांगते, अनुवाद २३:१९-२० भावाकडून नको पण परक्याकडून चालेल म्हणते, आणि मत्तय २५:२७ मध्ये धनी चाकराला विचारतो की पैसे सावकाराकडे का ठेवले नाहीस. एकच ओवी उचलली तर कुठलाही निर्णय निघेल. मध्ययुगात मंडळीने कडक भूमिका घेतली. ११७९ च्या लॅटरन परिषदेने उघड सावकारी करणाऱ्यांना प्रभुभोजन आणि ख्रिस्ती दफन नाकारले. १५४५ साली कॅल्व्हिन या प्रोटेस्टंट सुधारकाने वेगळा विचार मांडला. उपाशी माणसाला पोटासाठी दिलेले कर्ज आणि व्यापाऱ्याला धंद्यासाठी दिलेले भांडवल एक नव्हे. पहिल्यावर व्याज नको, दुसऱ्यावर मर्यादेत चालेल. निर्गमातली पुढची ओवी पाहिली की याचा आधार सापडतो: गहाण घेतलेले पांघरूण सूर्य मावळायच्या आत परत कर, कारण झोपताना त्याला दुसरे काय आहे?

आता आपला बचत गट. जूनमध्ये कापसाच्या बियाण्यासाठी १०,००० रुपये दिले, महिना २ टक्के, मुद्दलाचे बारा समान हप्ते. शिल्लक मुद्दलावर व्याज धरले तर वर्षाचे १,३०० रुपये होतात. पहिल्या दिवसाच्या मुद्दलावरच बारा महिने धरले तर २,४००. दर दोन्हीकडे "दोन टक्के" असाच सांगितला जातो. पवित्र शास्त्रात यातले काही नाही, पण नीतिसूत्रे ११:१ मध्ये खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट आहे, आणि दुसरी पद्धत न सांगता लावणे हे खोटे माप आहे, एवढे विचाराने कळते. दुसरे म्हणजे हप्ता दरमहा मागणेच चुकीचे. कापूस दिवाळीच्या सुमारास घरात येतो, त्याआधी शेतकरी हप्ता भरायला दुसरे कर्ज काढतो. दवाखान्यासाठी किंवा दाण्यासाठी काढलेल्या कर्जावर व्याज नको, हा नियम मंडळीच्या गटाने घालून घेतलाच पाहिजे. इथे वचन पुरेसे स्पष्ट आहे, फाटे फोडायला जागा नाही. एखादे पंचच महिना पाच टक्क्यांनी खाजगीत पैसे फिरवत असतील, तर परवान्याशिवाय सावकारी हा २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियमाखाली गुन्हा आहे, हेही वहीत लिहा.

मार खाऊन माहेरी आलेल्या बहिणीला १ पेत्र ३:१ वाचून दाखवले जाते. त्याच अध्यायाची सातवी ओवी नवऱ्याला बजावते की बायकोला मान दिला नाहीस तर तुझ्या प्रार्थनेत अडथळा येईल. ती ओवी नवऱ्याला वाचून दाखवल्याचे, त्याला प्रभुभोजनापासून थांबवल्याचे किती वह्यांत सापडेल? पंच होणारा माणूस मारका नसावा, हीच अट आहे (१ तीमथ्य ३:३). तिला परत पाठवताना पुढे केला जाणारा मार्क १० घटस्फोटाबद्दल आहे. जीव वाचवायला घर सोडण्याबद्दल नव्हे. दाविदाने शौलाला शेवटपर्यंत परमेश्वराचा अभिषिक्त मानले, आणि तरीही भाला आला तेव्हा तो बाजूला सरला आणि पळून गेला (१ शमुवेल १९:१०). मान देणे आणि मार खात बसणे वेगळे, हे एवढ्यावरून कळावे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतात, तिला तिथपर्यंत सोबत करा. आणि प्रश्न लहान मुलावरच्या अत्याचाराचा असेल तर मत्तय १८:१५ ची "एकांतात समज द्या" ही पायरी तिथे लागूच होत नाही. ती दोन भावांमधल्या अपराधासाठी आहे. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ज्याला कळले त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे. पंचांत मिटवणे हा स्वतंत्र गुन्हा होतो.

वही कशी भरायची ते सांगून थांबतो. आधी प्रश्न एका वाक्यात लिहा आणि तो कुणी विचारला तेही. मग दोन्ही बाजू वेगवेगळ्या ऐका. त्या विषयावरची निदान तीन वचने काढा, त्यातले एक तरी तुमच्या मनातल्या उत्तराच्या विरुद्ध जाणारे हवे. अशी ओवी सापडत नसेल तर शोध पुरा झालेला नाही. प्रत्येक वचनापुढे लिहा: आज्ञा, नोंद, की सल्ला. दुसऱ्या रकान्यात आधी ते वचन कुणाला वाचवण्यासाठी आहे ते, मग जाणकाराचे मत, मग निर्णय. जाणकार कोण, हे प्रश्नावर ठरेल. चिंचपाड्याचे ख्रिस्ती रुग्णालय आपल्याच भागात आहे. आपल्याकडे शुभवर्तमान आणि दवाखाना हातात हात घालून आले, हे निदान आपण तरी विसरू नये. प्रार्थना कुठे, असे कुणी विचारेल. सुरुवातीला आणि शेवटी, पण "प्रार्थनेत असे दिसले" हे दुसऱ्या रकान्यात कारण म्हणून चालणार नाही, कारण त्याची पारख दुसऱ्याला करता येत नाही, आणि "सर्व गोष्टींची पारख करा" ही १ थेस्सलनीकाकरांस ५:२१ मधली आज्ञाच आहे.

शेवटचा रकाना फेरविचाराच्या तारखेचा. सलाफहादाच्या पाच मुलींनी बापाच्या जमिनीत वाटणी मागितली, तेव्हा मोशेने हाताशी असलेल्या नियमावरून त्यांना परत पाठवले नाही. प्रश्न परमेश्वरापुढे नेला आणि नियम बदलला (गणना २७). पुढे जमीन वंशाबाहेर जाण्याची अडचण निघाली आणि त्यावर आणखी एक अट घातली गेली (गणना ३६). एकदा ठरले ते दगडावरची रेघ, असे तिथेही नव्हते. मुलींच्या वाटणीवरून आपल्याकडे अजूनही पंच बसतात, म्हणून जाता जाता सांगतो: भारतीय वारसा कायदा १९२५ मुलगा-मुलगी यांत फरक करत नाही. आदिवासी कुटुंबांच्या बाबतीत रूढी आणि कायदा यांची गुंतागुंत असू शकते, तिथे वकिलाला विचारल्याशिवाय काही ठरवू नका.

सभासदाने वही पाहायला मागितली, तर त्याच्याविषयीचे पान त्याला दाखवा. बिरुयातले लोक पौलाचे म्हणणेसुद्धा रोज शास्त्रात तपासून पाहत, आणि प्रेषितांची कृत्ये १७:११ मध्ये त्याबद्दल त्यांची तारीफ आहे, झाडाझडती नाही.

पुढच्या उपास-प्रार्थनेचे वेळापत्रक फळ्यावर लावण्याआधी निदान पहिले पान भरावे, ही विनंती.

आपले,
खानदेशातील मंडळ्यांत शास्त्राभ्यास घेणारे काही बंधू-भगिनी